डोळे गेले, टायपिंग राहिलं

ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच “पडदा सुकत चाललाय” असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण मधेच “अरेरे” करू नका. अरेरे मी पुष्कळ ऐकून घेतलंय. मी औषध सांगणार नाही, मला ते माहीत नाही. धीरही फार देता येणार नाही, कारण त्या सहा-सात वर्षांत माझ्या बाबतीत नेमकं काय चाललं होतं ते मलाच अजून नीट उमगलेलं नाही. एवढंच सांगते की गोंधळ होतो. आपला होतो, घरच्यांचा होतो, ऑफिसचा होतो. तुम्ही एकट्याच येड्या झालात असं समजू नका.

मी सुमन. माहेर मोखाड्याकडचं पोशेरा, सासर जव्हारजवळचं साखरशेत. दोन्हीकडे भात आणि नागली. माहेरच्या सगळ्या गोतावळ्यात टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करणारी मी पहिली. जव्हारला टायपिंगचा क्लास केला, मिनिटाला चाळीस शब्दांची मराठीची परीक्षा पहिल्या दणक्यात पास झाले आणि तिथल्याच एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा नव्वदीची सुरुवात होती आणि मला वाटायचं, आता आपल्याला काय होतंय!

शिरपामाळ

ऑफिसची सहल निघाली ती लांब कुठे नाही, गावाबाहेर शिरपामाळावर. डबे खाल्ले, गाण्याच्या भेंड्या झाल्या. ऊन उतरलं तसे सगळे उठले आणि बोलत बोलत खाली निघाले. मी मात्र जागेवरच उभी. मला वाटच दिसेना.

“चला की हो सुमनताई!” महाले भाऊसाहेबांनी हाक मारली. हे माझ्या शेजारच्या टेबलावरचे कारकून, जुने आणि बोलघेवडे.

मी म्हटलं, “एवढ्या अंधारात कसे चालता तुम्ही लोक?”

“अंधार? अहो, आत्ताशी सहा वाजलेत!”

मला त्यांचं बोलणंच समजेना. माझी आपली समजूत अशी, की दिवस कलला की कुणालाच दिसत नाही, माणसं सवयीने पाय टाकतात. लहानपणी पोशेऱ्याला आमच्या पाड्यात वीज नव्हती. संध्याकाळी मी आईचा पदर धरून चालायचे, आणि आईही असंच चाचपडत चालत असणार असं मी धरून चालले होते. तिशी आली तरी मला ठाऊक नव्हतं की बाकीच्या बायकांना तिन्हीसांजेला वाटेतले दगड दिसतात. हसा. आता मीही हसते. त्या दिवशी भाऊसाहेबांचा हात धरून उतरले आणि घरी येऊन गुरुजींना विचारलं, “तुम्हाला आत्ता अंगणातली बादली दिसते का?”

गुरुजी म्हणजे माझे यजमान. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. सगळं गाव गुरुजी म्हणतं, मग मीही तेच म्हणते. ते म्हणाले, “दिसते की. का गं?”

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी ऐकलं आणि लगेच निकाल लावला. “रातांधळा झाला तुला. दुसरा काय नाय. बकऱ्याचा काळीज खा.” मग दर बाजाराला काळीज यायला लागलं. आठ महिने खाल्लं, भाजून, तव्यावर परतून, कसंही. आता त्याचा वास आला तरी मला मळमळतं. मधे भगताकडेही जाऊन आलो. त्याने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि माहेरच्या देवाचं काही राहिलंय म्हणाला. तेही केलं. फरक पडला नाही, पण प्रत्येक ठिकाणी आत्या माझा हात धरून आल्या, एकदाही कंटाळल्या नाहीत. पुढे मी त्यांच्याबद्दल थोडं वाकडं लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

नाशिक

शेवटी नाशिकला मोठ्या दवाखान्यात गेलो. डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, पुन्हा थेंब घातले. सगळं धुरकट झालं. मग आत बोलावलं. डॉक्टर तरुण होते. माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि पुढचं सगळं गुरुजींशी बोलले. डोळे माझे, आणि ऐकायचं यांनी! मी मधे बसले होते, वरातीत हरवलेल्या पोरासारखी.

“पडदा सुकत चाललाय. आधी संध्याकाळचं जातं, मग बाजूचं जातं. मधलं थोडं राहतं काही वर्षं.”

“ऑपरेशन?” गुरुजींनी विचारलं.

“नाही.”

“चष्मा?”

“उपयोग नाही.”

“मग करायचं काय?”

“तीन महिन्यांनी दाखवायला या.”

मी विचार करत बसले. काही करायचंच नाही, तर तीन महिन्यांनी दाखवायचं काय? हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारला नाही. तुम्ही मात्र विचारा. आणि डॉक्टर नवऱ्याशी बोलायला लागले, तर खाकरा आणि म्हणा, “मी इथे आहे.”

परतीच्या एसटीत गुरुजींनी पेरू घेतले. चाकू नव्हता, म्हणून दाताने फोडून मला अर्धा दिला. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टर पोरगेलासा होता. चुकला असेल.” मी हो म्हटलं. मला तसं मुळीच वाटत नव्हतं, पण त्यांना दुसरं काय सांगणार?

बटण

दर तीन महिन्यांच्या वारीत एक तपासणी असायची. पांढऱ्या टोपल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, हातात बटण. आत कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की दाबायचं. पहिल्या वेळी बरेच दिवे दिसले. दुसऱ्या वेळी कमी. चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या लक्षात आलं की दिवा सरकताना यंत्रातून टिक असा बारीक आवाज येतो. मी टायपिस्ट बाई. आवाज आला की बोट पडणारच. झालं, टिक झालं की मी दाबायला लागले. आज डॉक्टर खूश होणार असं वाटत होतं.

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, दिवा बंद आहे. मी नुसतं यंत्र फिरवून बघतेय. तुम्ही बटण कशाला दाबताय?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहावीला शेजारणीने वही पुढे सरकवली तरी न बघितलेली मी, आणि इथे स्वतःच्या डोळ्यांच्या परीक्षेत कॉपी करत होते. फसवत कुणाला होते? डॉक्टरांना? त्यांचं काय जाणार होतं! घरी येऊन गुरुजींना हे सांगितलं. ते आधी मोठ्याने हसले, आणि मग पाणी भरायचंय म्हणून बाहेर गेले. पाणी सकाळीच भरून झालं होतं.

तीन पानं

ऑफिसात दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. कारण टायपिस्टला बघावं लागतच नाही. क्लासमध्ये बटणांकडे पाहिलं तर सर बोटांवर पट्टी मारायचे. त्या पट्ट्यांचे मी किती उपकार मानू? माझी अडचण एकच, हाताने लिहिलेला मसुदा वाचायचा कसा. त्यावर मी तोड काढली. “भाऊसाहेब, तुम्ही वाचा, मी मारते. पटकन उरकेल.” भाऊसाहेबांना वाचून दाखवायची भारी हौस. त्यांनी वाचावं, मी मारावं. साहेब म्हणायचे, बाईंचा वेग वाढलाय.

एकदा तातडीचं पत्र आलं. तीन पानं. भाऊसाहेबांनी सांगितलं, मी मारलं, डाव्या कोपऱ्यात टाचणी लावली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. पाच मिनिटांत बोलावणं.

“हे काय आहे?”

“पत्र, साहेब.”

“कुठाय पत्र?”

मी कोपऱ्यातली टाचणी चाचपून दाखवली. साहेब म्हणाले, “बाई, हे कोरे कागद आहेत.”

मशीनची रिबन निसटली होती. खिळे कागदावर नुसतेच आपटत होते. भाऊसाहेबांची नजर मसुद्यावर, माझी कुठेच नाही. तीन पानं भरून मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि वर ते नीट टाचून दिलं होतं.

साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “किती दिसतं तुम्हाला?” मी खरं सांगितलं. “तुमचं तोंड दिसतं. टेबल दिसत नाही.” मग सांगायलाच लागलं सगळं. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. ठाण्याला मेडिकल बोर्डापुढे उभी राहिले. तिथे रांगेत सगळेच आपापलं काहीतरी हातात घेऊन उभे होते, काठी, एक्स-रे, फाइल. माझ्या हातात काय असावं हे मला कळेना, म्हणून मी पर्स घट्ट धरली. सर्टिफिकेट मिळालं. साहेब म्हणाले, “कायद्याने तुम्हाला कुणी काढू शकत नाही. पण मी काम काय देऊ, ते तुम्ही मला सांगा. येत्या मार्चपर्यंत काहीतरी बघा. नसेल जमत, तर तुमच्या मर्जीने सोडा.”

घरात

आता वाकडं लिहायची वेळ आली.

कुणीतरी आत्यांना सांगितलं, की आजारपणामुळे नोकरी सोडली तर घरातल्या एकाला अनुकंपावर घेतात. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण आमच्याकडे प्रकाश भाऊजी होते, माझे धाकटे दीर. बारावी होऊन तीन वर्षं घरी. एकदा हा विषय घरात आला तो गेलाच नाही.

आत्या मला समजावत. रागाने नाही बरं का, भाकरी वाढता वाढता. “माझा आयक सुमे. तू आता घरी बस, मी हाय ना करायला. परकाश चिकटून जाईल. दोघांचा भला. यात वाईट काय हाय?”

मीही स्वतःला तेच विचारत असे. वाईट काय आहे? भाऊजी गुणी होते. एसटीतून उतरताना मला धरायला स्टँडवर येत, तोंडातून एक शब्द काढत नसत. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी गुरुजींना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

ते म्हणाले, “तुझं तू बघ.”

मी म्हटलं, “तेवढंच तर होत नाही ना!” आम्ही दोघंही हसलो, आणि विषय तिथेच राहिला.

पण मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मला माझी खुर्ची हवी होती. चुलीपाशी मी भाजून घेत होते. शेतात बांध दिसत नव्हता, आवण, म्हणजे भाताची रोपं, लावायला गेले तर लावलेलंच तुडवत होते. बाजारात गेले तर लोक गुरुजींना विचारत, “बाई चहा घेणार का?” सगळ्या जगात एकच जागा होती जिथे माझे हात अजून चुकत नव्हते. ती दिराला दिली असती तर मी चांगली वहिनी झाले असते. मला नव्हतं व्हायचं चांगली वहिनी. असं वाटल्याची मला लाजही वाटत होती, आणि तरी नव्हतंच व्हायचं.

ब्लँक

साहेबांनीच कुठून तरी शोधून काढलं, की मुंबईत अंधांना कॉम्प्युटर शिकवतात. दोन महिने तिथल्या वसतिगृहात राहिले. शिकवणारे देसाई सर जन्मापासून अंध. पहिल्याच दिवशी म्हणाले, “या, या. तुम्ही जरा उशिरा आलात आमच्यात.” त्यांना ते विनोदी वाटलं. मला रडू आलं.

कॉम्प्युटर बोलतो, ही कल्पनाच डोक्यात बसेना. कानाला हेडफोन लावला की आत एक परदेशी बाप्या नाकातून इंग्रजी बडबडतो. जी कळ दाबाल तिचं नाव सांगतो, ओळ आली की ओळ वाचतो, ओळ रिकामी असेल तर म्हणतो ब्लँक. माझं इंग्रजी दहावीचं, तेही पोशेऱ्याचं. पहिला आठवडा मला एवढंच कळलं. ब्लँक. ब्लँक. ब्लँक. रात्री झोपेतही मी ब्लँक म्हणायचे, असं शेजारची मुलगी सांगायची.

डोळ्यांनी वाचताना कागद अख्खा समोर असतो. वर तारीख, खाली सही, मधे मजकूर, एका नजरेत. कानाला एका वेळी एकच शब्द मिळतो. आपण कागदाच्या डोक्यावर आहोत की पायथ्याशी, काही कळत नाही. एक पत्र वाचायला लागायचे आणि मधेच दुसऱ्याच फाइलीत जाऊन पडायचे. सर म्हणायचे, “हरवलात की घाबरू नका. वर जा, पहिल्या ओळीला, आणि पुन्हा चालायला लागा.” नवशिक्यांनो, हे मात्र लिहून घ्या. मी दिवसातून पन्नास वेळा वर जायचे. महिन्याभराने चाळीस. दोन महिन्यांनी इंग्रजी पत्र मी कानाने वाचू शकत होते. अर्थ अर्धामुर्धा लागे, पण तो डोळे असतानाही तेवढाच लागत होता.

बोटं

परत आले तोवर मला समोरची तोंडंही दिसेनाशी झाली होती, आणि आमच्या ऑफिसात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला होता. साहेबांच्या परवानगीने बोलणारं सॉफ्टवेअर त्यात टाकलं. मी ऐटीत हेडफोन लावला आणि आमचं एक मराठी पत्र उघडलं.

त्या बाप्याने जे काय काढलं ते मी कसं लिहू? ल्जड्क, फ्ड, सेमिकोलन, मग एक शिंक यावी तसं काहीतरी. इंग्रजी नाही, मराठी नाही. दुसरं पत्र उघडलं, तेच. दिवसभर तेच. मी एसटीडी बूथवरून देसाई सरांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, मराठी बोलणारं अजून आपल्याकडे आलेलं नाही. तुमच्या ऑफिसच्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसायला मराठी, पण आत इंग्रजीच भरलेली असतात. तो बिचारा आतलं वाचतोय.”

“मग मी काय करू?”

“इंग्रजी पत्रं बघा.”

आमच्या ऑफिसात इंग्रजी पत्र वर्षातून दोनदा येतं! बूथमध्ये उभी राहून मी रडले, बाहेर रांग लागली होती तरी.

मार्चला दीड महिना होता. मी रोज जायचे, हेडफोन लावून बसायचे, लोकांना वाटायचं बाई काम करतायत. एकदा भाऊसाहेब कुठल्याशा गहाळ फाइलीवरून ओरडले, “आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय इथे!” आणि एकदम ऑफिस चिडीचूप. मी म्हटलं, “भाऊसाहेब, निदान मी दळतेय म्हणा की! मला तर तेही येत नाहीये.” सगळे हसले. मी नाही हसले.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी चिडून एक एक अक्षर ऐकायला लागले. उगाच, डोक्यात राख घालून. बाणाची कळ दाबली की तो एक अक्षर बोलायचा. एल. जे. डी. के. जे. पुन्हा मागे. एल, जे, डी, के, जे. आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलली. उजवी अनामिका. उजवी तर्जनी. डावं मधलं बोट. उजवं मधलं. पुन्हा उजवी तर्जनी.

सरकार!

मी पुन्हा ऐकलं. बोटांनी पुन्हा तेच म्हटलं. स, र, क, काना, र. अगं बाई! जुन्या टायपिस्टांना नव्याने शिकायला लागू नये म्हणून त्या फॉन्टची सगळी अक्षरं टाइपरायटरच्याच जागांवर ठेवली होती. जिथे माझा स, तिथेच त्याचा एल. तो कळीचं नाव सांगत होता आणि त्या कळीवर काय आहे हे माझ्या बोटांना क्लासपासून ठाऊक होतं. कॅपिटल अक्षर आलं की त्याचा आवाज चिरका व्हायचा. चिरका म्हणजे शिफ्ट, आणि शिफ्ट म्हणजे बहुतेक अर्धं अक्षर. मी टेबलावर दहा बोटं ठेवली आणि ऐकत ऐकत मोकळ्या लाकडावर टाइप करत गेले. बोटं वाचत होती, मी त्यांच्याकडून ऐकत होते.

आनंद झाला म्हणू? मला आधी भीती वाटली, की डोकं फिरलं की काय. एक पान वाचायला अख्खी सकाळ गेली, आणि जोडाक्षरांत मी दहा ठिकाणी अडले. म्हणून कुणाला बोलले नाही. बटण दाबून एकदा तोंडघशी पडले होते, पुन्हा नको होतं. महिनाभर मी गुपचूप जुनी पत्रं वाचली. पान एका तासावर आलं. मग पाऊण तासावर.

रजा

मार्च लागला. एके सकाळी गुरुजी म्हणाले, “भाऊसाहेबांकडून तुझा रजेचा अर्ज टाइप करून घेतलाय. दहा दिवस रजा काढ. जरा विश्रांती घे, मग बघू. आज सही करून टाक.”

“बरं,” मी म्हटलं. थकले होतेच.

ऑफिसात भाऊसाहेबांनी कागद पुढे ठेवला. “इथे सही करा, ताई.” त्यांचा आवाज फार मऊ होता, पण मी अंध झाल्यापासून सगळ्यांचाच मऊ झाला होता. मी म्हटलं, करते, जेवून या तुम्ही.

मला संशय आला नव्हता, शपथ. मला सराव हवा होता. रजेचा अर्ज ठरलेला असतो, अडणार नाही, म्हणून मी कॉम्प्युटरवर तोच शोधला. फाइलीला माझंच नाव होतं. उघडली, बोटं टेबलावर ठेवली. एल, क्यू, ई, यू. सुमन. पुढे आडनाव, पद, ऑफिस. सगळं बरोबर. आता जे, टी, के येणार. रजा.

येईना. चिरका एल. ओ. एस. चिरका पी. चिरका एन. के.

स्वेच्छा.

मी वर गेले. पहिल्या ओळीपासून पुन्हा चालायला लागले. पुन्हा तेच. दृष्टी अधू झाल्याने काम करणे शक्य नाही, सबब मी स्वेच्छेने सेवानिवृत्ती घेत आहे. आणि खाली, एन, एच, जे. दीर. माझे दीर प्रकाश यांना माझ्या जागी घेण्याचा विचार व्हावा.

तिसऱ्यांदा वाचलं. माझी बोटं चुकली असतील असं मला फार फार वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा मी टायपिंग चुकावं म्हणून देवाला हात जोडले. ती चुकली नव्हती.

राग आला, संताप आला. याच माणसाने दाताने पेरू फोडून दिला होता. रोज सकाळी माझा डबा भरतो, एसटीत जागा धरून देतो. मग वाटलं, थकला असेल. त्यालाही आई आहे, भाऊ आहे. मग वाटलं, तोंडावर सांगितलं असतं तर कदाचित मी केलीही असती सही! मग पुन्हा संताप. याने माझं न दिसणं वापरलं. घटकाभर मला काय वाटतंय तेच कळेना, आणि हेडफोनमध्ये तो बाप्या ब्लँक ब्लँक करत होता, कारण माझं बोट खालच्या बाणावरच राहिलं होतं.

मग मी नाव आणि पद ठेवलं आणि खालच्या ओळी एकेक करून पुसल्या. त्या जागी टाइप केलं. ऐकून तपासलं, दोनदा. छापलं. सही केली, मुंबईत शिकवली तशी, पोस्टकार्डाची कड धरून सरळ रेषेत. भाऊसाहेबांनी दिलेला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पाचला गुरुजी मला न्यायला आले. “झाली सही?”

“झाली. साहेबांकडे द्यायच्या आधी एकदा वाचून दाखवा.”

त्यांनी कागद घेतला. गुरुजी वाचतात तेव्हा वर्गात धडा वाचल्यासारखे वाचतात, शब्द सुटा सुटा, स्वल्पविरामाला थांबून. घरी पेपर वाचतानासुद्धा. आता मात्र ते घडाघडा म्हणत सुटले. “मला प्रकृती अस्वास्थ्यामुळे विश्रांतीची गरज असल्याने दहा दिवसांची रजा मिळावी ही नम्र...”

मी यातलं अस्वास्थ्य, विश्रांती, काहीच लिहिलं नव्हतं. ते कागदाकडे बघतच नव्हते.

मग बघितलं असावं. आवाज मधेच तुटला. शेजारच्या टेबलावर भाऊसाहेबांची खुर्ची करकरली आणि त्यांची पावलं दाराबाहेर गेली.

“हे कुणी टाइप केलं?” गुरुजींनी विचारलं.

“मी.”

“आणि आधीचं...”

“वाचलं. तीनदा.”

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली, ते मला ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, “सुमन, मी...”

“परत वाचा,” मी म्हटलं. “या वेळी बघून वाचा.”

मग ते वाचायला लागले, सावकाश, शब्द सुटा सुटा, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. “मला, दहा दिवसांची, रजा मंजूर व्हावी. अकराव्या दिवशी, मी, कामावर हजर होईन.”

ती शेवटची ओळ त्यांनी, मी न सांगता, दुसऱ्यांदा वाचली.